मोळी

रात्री साडेदहानंतर मशीन आमचं.
दिवसा पेशंट: गुडघे, मणके, गाठी.
उरलेल्या वेळात माझी पीएचडी.
कावळा नाक्याच्या सिग्नलला ट्रॅक्टर थांबलेला,
दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही.
स्कूटीवरूनच हात घातला, एक ऊस ओढला.
चोरीच म्हणा. संशोधनाच्या निधीत उसाला हेड नाही.

"मॅडम, खायाला की स्कॅनला?"
नझीरभाई मुजावर, टेक्निशियन.
दोन्हीला, म्हटलं.
एक कांडं पाण्याच्या डब्यात, डोकं ठेवतात तिथं;
बाकीचा बादलीत, कोपऱ्यात उभा.

उसाला विचारणं सोपं.
त्याचे धागे कुठून कुठं जातात
हे सगळ्या जिल्ह्याला माहीत.
मशीनला कळतं का, एवढंच बघायचं.
चौसष्ट दिशांनी विचारायचं: पाणी इकडं जातंय? इकडं?
ते वाहतही नाही खरं तर, नुसतं चुळबुळतं
शेवटच्या बाकावरच्या पोरासारखं,
धाग्याच्या कडेनं लांबवर, आडवं थोडकंच.
आणि जिकडं ते मोकळं सुटतं
तिकडं चित्र काळवंडतं.
दोन वर्षं मला हे उलटंच वाटायचं.
जे कमी झालं त्यावरून वाट काढायची.

कांड्यात सगळं सरळ, निळंशार.
पेरापाशी घोळ.
पेरात धागे एकमेकांना ओलांडतात
आणि माझं गणित, ज्याला एकाच दिशेची सवय,
तिथं चेंडूसारखं गोल होऊन बसतं.
माणसाच्या डोक्यात असे पेर जागोजाग.
हुपरीकर मॅडमनी तिसऱ्या प्रकरणावर लाल पेनानं लिहिलंय:
रेघ म्हणजे तंतू नव्हे. प्रत्येक पानावर हे आठव.

तेविसावे, सुबराव चौगले, वय एकाहत्तर.
कारखान्याच्या वजनकाट्यावर एकतीस हंगाम.
गेल्या दिवाळीत झटका, डाव्या बाजूला.
हात परत आला, शब्द आले नाहीत.
बायकोचं नावसुद्धा नाही.
संमतीपत्राच्या मराठी प्रतीत
मी लिहिलं होतं, "मेंदूतल्या तंतूंच्या मोळ्या".
त्या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.
माझ्याकडं बघितलं. मग सही केली,
वजनाच्या पावतीवर करत असतील तशी, झटक्यात, खाली दोन टिंबं.

"हलायचं न्हाई हं, आप्पा."
चाळीस मिनिटं हलले नाहीत.
मशीन ठणाणत होतं.
मुलगी म्हणाली, गव्हाणीचा आवाज याच्या दुप्पट,
तिथं बी झोपायचे.

बाहेर आले, चप्पल शोधताना बादली दिसली.
वाकले. कांड्यावरनं अंगठा फिरवला,
डोळा बघितला, पांढरा मेणचट थर नखानं खरवडला
आणि म्हणाले, स्वच्छ,
"शहाऐंशी झिरो बत्तीस."

मुलगी तिथंच खाली बसली.
नझीरभाईंनी पंखा बंद केला, का कुणास ठाऊक.
"आप्पा, परत म्हणा की!"
आप्पा हसले. ओठ हलले.
आलं नाही.

पहाटे तीनला पहिल्या रेघा उमटल्या.
उजवीकडची कमान पुरती.
डावीकडची कानामागून निघाली, वर चढली, वळली
आणि डागापाशी
बांधलेलं वाढं तुटलेल्या मोळीसारखी विस्कटली.
पलीकडं काही नाही.

मग तो आकडा कुठल्या वाटेनं आला?
उजवीकडून?
की वाट आहे तिथंच
आणि ओलांडता माझ्या गणिताला आलं नाही?
तक्त्यात रकाने आहेत: वय, हात, झटक्याला महिने, गोळ्या.
काय बोलले, याला रकाना नाही.
मी कडेला पेन्सिलीनं लिहिलं. ८६०३२.
उद्या मॅडम विचारतील, हा कुठला कोड.

बादलीतला ऊस नझीरभाईंनी मोडला, अर्धा मला दिला.
कांडं भराभर संपतं.
पेरापाशी दात
दर वेळी थांबतो.